मूळपुरुष याकोब

नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय आमच्या शाळेच्या प्रार्थनेत वर्षातून एकदा तरी वाचला जातो. त्यात प्राचीन काळच्या श्रद्धावान स्त्रीपुरुषांची नामावळी आहे, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या श्रद्धेची साक्ष देणारे एखादे कृत्य सांगितले आहे. नोहाने तारू बांधले, अब्राहामाने आपला देश सोडला, मोशेने राजवाड्यातील सुखाकडे पाठ फिरविली, असे एकामागून एक प्रसंग येतात. याकोबाचे नाव आले म्हणजे जाणत्या श्रोत्यास वाटते की, आता बेथेल येथील शिडीच्या स्वप्नाचा किंवा यब्बोक नदीकाठच्या त्या रात्रीचा उल्लेख होईल. परंतु पत्रकर्ता 147 वर्षांच्या त्या दीर्घ आयुष्यातून एवढेच निवडून काढतो की, मरणसमयी याकोबाने योसेफाच्या दोन मुलांस आशीर्वाद दिला व आपल्या काठीच्या टोकावर टेकून देवाचे भजन केले.

यावर वर्गातील मुले हटकून विचारतात की, एका म्हाताऱ्या आजोबाने नातवांच्या मस्तकावर हात ठेवला, यात एवढे मोठे ते काय? आमचे आजोबा तर आम्ही पाया पडलो की नेहमीच ठेवतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर द्यावयाचे तर त्या आजोबाचे सगळे चरित्रच सांगावे लागते. कारण ज्या हातांनी त्याने नातवांस आशीर्वाद दिला, त्याच हातांनी एकेकाळी त्याने आशीर्वाद चोरला होता.

अब्राहामाचा पुत्र इसहाक याने वयाच्या 40व्या वर्षी रिबकेशी विवाह केला. वीस वर्षे त्यांस मूल नव्हते. पुढे जुळे झाले. पहिला बाहेर आला तो तांबूस वर्णाचा व अंगभर केस असलेला. त्याचे नाव एसाव ठेवले. दुसरा आला तो भावाची टाच मुठीत धरून. इब्री भाषेत टाचेस जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव याकोब पडले, आणि त्या नावास पुढे फसवून दुसऱ्याची जागा घेणारा असाही अर्थ चिकटला. मुले जन्मण्यापूर्वीच रिबकेस देवाकडून असे कळले होते की, वडील धाकट्याची सेवा करील. ही गोष्ट तिने जन्मभर मनात जपून ठेवली, परंतु इसहाकाशी ती मोकळेपणाने बोलल्याचे कोठे दिसत नाही. त्या घरातील पुष्कळ दुःखाचे मूळ या न बोलण्यात असावे, असे मला वाटत आले आहे.

एसाव शिकारी झाला. रानोमाळ हिंडावे, हरण मारून आणावे, आणि बापास रुचकर मांस खाऊ घालावे, हा त्याचा क्रम. याकोब तंबूच्या आसपास राहणारा, शांत, मेंढरांत रमणारा. बापाचा ओढा एकाकडे, आईचा दुसऱ्याकडे. एके दिवशी एसाव रानातून थकूनभागून आला. याकोब मसुरीचे वरण शिजवीत होता. भुकेने कासावीस झालेल्या भावाजवळ त्याने वरणाच्या मोबदल्यात ज्येष्ठत्वाचा हक्क मागितला, आणि तो शपथेवर लिहून घ्यावा तसा पक्का करून घेतला. ज्येष्ठ पुत्रास बापाच्या मिळकतीचा दुप्पट वाटा मिळत असे व कुळाचे प्रमुखपण त्याच्याकडे जात असे. एसावाने तो हक्क क्षुल्लक मानला, म्हणून शास्त्र त्यास दोष देते. तथापि उपाशी भावापुढे भाकरी व वरण ठेवण्यापूर्वी सौदा करणारा भाऊही काही थोर म्हणता येणार नाही.

आता आशीर्वादाचा प्रसंग. इसहाक वृद्ध झाला, दृष्टी गेली, आणि आपला काळ जवळ आला असे समजून त्याने एसावास शिकार करून आणावयास सांगितले. जेवण झाल्यावर तो त्यास आशीर्वाद देणार होता. रिबकेने हे ऐकले, करडांचे मांस रांधले, एसावाची वस्त्रे याकोबाच्या अंगावर चढविली आणि त्याच्या हातांस व मानेस करडांची कातडी बांधली. आंधळ्या बापाने नाव विचारले तेव्हा याकोबाने आपण एसाव आहो असे सांगितले. बापास संशय आला. आवाज याकोबाचा वाटतो व हात एसावाचे लागतात, असे त्याच्या मनात आले. तरी त्याने मुलाचे चुंबन घेतले, वस्त्रांचा वास घेतला, आणि आकाशाचे दहिवर, भूमीची समृद्धी, धान्य, द्राक्षारस व भावांवरील धनीपण ही सारी त्यास देऊन टाकली.

थोड्याच वेळाने एसाव आला. बाप थरथर कापू लागला. एसावाने हंबरडा फोडला आणि बापाजवळ आणखी एखादाही आशीर्वाद उरला नाही काय, असे विचारले. शास्त्रातील अत्यंत करुण प्रसंगांपैकी हा एक आहे. आजच्या वाचकास वाटेल की, फसवून घेतलेला आशीर्वाद इसहाकाने रद्द का केला नाही. परंतु त्या काळच्या समजुतीप्रमाणे बापाने देवासमोर उच्चारलेला शब्द सुटलेल्या बाणासारखा होता. दशरथाने कैकेयीस दिलेले वर ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको.

वरच्या इयत्तेतील विद्यार्थ्यांसाठी येथे थोडे गणित. चित्रांत या वेळचा याकोब मिसरूड फुटलेला तरुण दाखवितात. उत्पत्तीच्या पुस्तकातील आकडे जुळवून पाहिले म्हणजे निराळेच निघते. तो मिसरात फारोपुढे उभा राहिला तेव्हा 130 वर्षांचा होता. योसेफ तेव्हा 39 वर्षांचा असला पाहिजे, कारण 30व्या वर्षी तो अधिकारी झाला आणि त्यानंतर सुकाळाची 7 व दुष्काळाची 2 वर्षे लोटली होती. म्हणजे योसेफाच्या जन्मी याकोब 91 वर्षांचा, आणि तो जन्म मामाकडील चाकरीच्या 14 वर्षांनंतरचा. तेव्हा घर सोडताना याकोब 77 वर्षांचा होतो. त्याचा बाप 60 वर्षांनी मोठा, म्हणून 137 वर्षांचा. आणि इसहाक तर 180 वर्षे जगला! ज्याने मरण उंबऱ्याशी आले असे समजून आशीर्वादाची घाई केली, तो त्यानंतर 43 वर्षे जिवंत होता. त्या काळच्या आयुर्मर्यादा आपल्याहून दीर्घ सांगितल्या आहेत हे खरे, तरी लबाडी ही अजाणत्या वयातील चूक नव्हती, एवढे या हिशेबावरून दिसते.

एसावाने भावाचा जीव घेण्याचा निश्चय केला, म्हणून रिबकेने याकोबास आपल्या भावाकडे, हारान येथे, पाठविण्याची युक्ती काढली. निघण्यापूर्वी इसहाकाने त्यास जवळ बोलाविले. या वेळी कातडी नव्हती, परकी वस्त्रे नव्हती. समोर याकोब उभा आहे हे बापास ठाऊक होते, आणि ठाऊक असूनच त्याने अब्राहामाचा आशीर्वाद त्यास दिला, म्हणजे संतती व वचनदत्त देश यांचा. पुष्कळ वाचक ही जागा घाईने ओलांडतात. चोरून मिळविले ते धान्य, द्राक्षारस आणि धनीपण. पिढ्यांचे खरे धन होते ते बापाने नंतर, उघड डोळ्यांनी म्हणावे तर आंधळ्या डोळ्यांनी, पण उघड मनाने दिले. चोरीची गरजच नव्हती.

बैर-शेबा ते हारान ही वाट साडेचारशे मैलांहून अधिक. हारानाचे अवशेष आज तुर्कस्तानच्या दक्षिण भागात आहेत. श्रीमंत घरचा हा मुलगा निघाला तेव्हा त्याच्या हातात एक काठी होती. पुढे त्याने स्वतःच देवापुढे आठवण काढली आहे की, मी यार्देन ओलांडली ती काठीनिशी. पहिल्या मुक्कामांपैकी एका ठिकाणी उशाला धोंडा घेऊन तो निजला असता त्यास स्वप्न पडले. पृथ्वीपासून आकाशापर्यंत शिडी उभी आहे आणि तिच्यावर देवदूत चढत उतरत आहेत. बापाचा व आजाचा देव त्याच्याशी बोलला, आणि मी तुझ्याबरोबर राहीन असे त्यास अभिवचन मिळाले. सकाळी त्याने त्या धोंड्याचा स्तंभ उभारला, त्यावर तेल ओतले व त्या स्थळास बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले. मात्र त्याने केलेला नवस मोठा व्यवहारी आहे. देव माझे रक्षण करील, अन्नवस्त्र देईल व सुखरूप घरी आणील, तर तो माझा देव. तोवर इसहाकाचा देव हा याकोबास बापाचाच देव होता.

हारानाच्या विहिरीवर त्यास मामाची धाकटी मुलगी राहेल भेटली. मामाच्या मुलीशी लग्न ही गोष्ट आपल्याकडील अनेक समाजांत रूढ असल्यामुळे आमच्या मुलांस येथे काहीच नवल वाटत नाही. इंग्रज शिक्षकांना ते समजावून सांगावे लागते, एवढीच मौज. राहेलीसाठी याकोबाने 7 वर्षे चाकरी कबूल केली आणि प्रीतीमुळे ती त्यास थोड्या दिवसांसारखी वाटली. लग्नाच्या रात्री लाबानाने अंधारात थोरली मुलगी लेआ त्याच्या स्वाधीन केली. सकाळी याकोब रागावला तेव्हा मामाने शांतपणे सांगितले की, आमच्या देशी थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची चाल नाही. आंधळ्या बापापुढे धाकटा असून थोरला म्हणून उभा राहिलेला मनुष्य हे ऐकून काय उत्तर देणार? त्याने राहेलीसाठी आणखी 7 वर्षे पत्करली. त्यापुढे 6 वर्षे कळपांसाठी. लाबानाने त्याची मजुरी दहा वेळा बदलली. दिवसा उन्हाने आणि रात्री थंडीने तो जेरीस येई. या 20 वर्षांत त्यास अकरा पुत्र व दीना नावाची कन्या झाली. लेआ ही नावडती, राहेल ही आवडती. त्या दोघींची व त्यांच्या दासींची चढाओढ मुलांच्या नावांतूनही उमटली आहे.

अखेर बायकामुले व कळप घेऊन तो मामास न सांगता निघाला. मामाने पाठलाग केला, वाद झाला, आणि धोंड्यांची रास रचून दोघांनी करार केला. मागचे संकट टळले तो पुढचे उभे राहिले. एसाव 400 माणसे घेऊन भेटीस येत होता.

भावास शांत करण्याकरिता याकोबाने जनावरे निवडून पुढे पाठविली: 200 शेळ्या, 20 बोकड, 200 मेंढ्या, 20 एडके, शिंगरांसह 30 दुभत्या सांडणी, 40 गाई, 10 बैल, 20 गाढवी व 10 गाढवे. रात्री त्याने सर्वांस यब्बोक नदीपार केले. या नदीस हल्ली झर्का म्हणतात व ती जॉर्डन देशात आहे. तो एकटाच मागे राहिला आणि पहाट होईपर्यंत एका पुरुषाने त्याच्याशी झोंबी केली. त्या पुरुषाने याकोबाच्या जांघेस स्पर्श केला तोच सांधा उखळला, तरी आशीर्वाद दिल्यावाचून सोडणार नाही असे म्हणून याकोब त्यास बिलगून राहिला. तेव्हा त्या पुरुषाने त्यास नाव विचारले.

पूर्वी एकदा आशीर्वाद मागताना त्यास नाव विचारले होते, आणि त्याने भावाचे नाव सांगितले होते. या वेळी त्याने आपले खरे नाव सांगितले, आणि त्या नावात त्याची सगळी कर्मकथा आली. तेव्हा कोठे त्यास इस्राएल हे नवे नाव व आशीर्वाद मिळाला. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालला होता.

लंगडतच तो भावापुढे गेला आणि सात वेळा भूमीपर्यंत लवला. त्यास धनी म्हणाला, स्वतःस दास म्हणाला. भावांवरील धनीपण मिळावे म्हणून ज्याने कपट केले, त्याच्या वाट्यास प्रत्यक्षात हे आले. एसाव धावत आला, त्याच्या गळ्यात पडला, आणि दोघेही रडले. एसावाने देणगी नाकारली तेव्हा याकोबाने जो आग्रह केला त्यात इब्री भाषेत देणगीसाठी आशीर्वाद हाच शब्द आला आहे. माझा आशीर्वाद घे, असे तो भावास विनवितो. मूळ भाषा शिकताना हा शब्द मला प्रथम आढळला त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. एसाव मनाने मोठा निघाला, हेही सांगितले पाहिजे. आमच्या उपदेशांत त्याच्यावर नेहमी अन्याय होतो.

येथून पुढे याकोब शहाणा झाला, असे म्हणता आले असते तर बरे होते. शखेमात दीनेचा अपमान झाला, शिमोन व लेवी यांनी सूड म्हणून भयंकर रक्तपात केला, आणि कुटुंबास तेथून हलावे लागले. घरात शिरलेल्या परक्या दैवतांच्या मूर्ती याकोबाने शखेमाजवळच्या एका वृक्षाखाली पुरून टाकल्या व तो बेथेलास परतला. एफ्राथाच्या वाटेवर, म्हणजे बेथलेहेमाजवळ, बन्यामिनाला जन्म देऊन राहेल वारली. आई रिबका त्यास पुन्हा भेटल्याचे शास्त्रात कोठेच नाही. थोड्या दिवसांसाठी म्हणून तिने मुलास धाडले होते. इसहाकास मात्र दोघा भावांनी मिळून मूठमाती दिली.

आणि मग बापाच्या घरचा जुना दोष याकोबाच्या घरी वर आला. त्याने राहेलीच्या योसेफावर इतरांहून अधिक प्रीती केली व त्यास पायघोळ अंगरखा करून दिला. बाप कोणाचा लाड करतो हे मुलांपासून कधी लपत नाही. दहा भावांनी 17 वर्षांच्या योसेफास 20 रुप्याच्या नाण्यांस विकले, बकरा मारून त्याच्या रक्तात अंगरखा बुडविला आणि तो बापाकडे पाठविला. करडाच्या कातड्याने व भावाच्या वस्त्रांनी याकोबाने आपल्या बापास फसविले होते. आता बकऱ्याच्या रक्ताने व भावाच्या वस्त्राने त्यास त्याच्या मुलांनी फसविले. श्रद्धा वंशपरंपरेने जाते असे आपण म्हणतो. तीच वाट कपटासही मोकळी असते. याकोबाने वस्त्रे फाडली, गोणपाट नेसले, आणि 22 वर्षे तो या पुत्राचा शोक करीत राहिला.

योसेफाची हकीकत बालवर्गापासून सर्वांस ठाऊक आहे, म्हणून ती येथे सांगत नाही. दुष्काळात भाऊ धान्यास गेले, मिसरचा अधिकारी हाच आपला भाऊ असे त्यांस कळले, आणि बापास आणण्यासाठी गाड्या आल्या. वृद्धाचा प्रथम विश्वास बसेना. गाड्या पाहिल्या तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. मिसरात गेलेले त्याच्या कुळातील लोक एकंदर 70 होते. योसेफाने त्यास फारोपुढे नेले. बादशहाने वय विचारले, तेव्हा आपले दिवस थोडे व दुःखाचे गेले असे त्याने सांगितले. पण आत जाताना व बाहेर पडताना त्या निर्वासित मेंढपाळाने फारोसच आशीर्वाद दिला. कोणी कोणास आशीर्वाद द्यावा याविषयी त्याच्या मनात आता शंका नव्हती.

गोशेन प्रांतात तो 17 वर्षे राहिला. योसेफ लहानपणी बापाजवळ 17 वर्षे होता. तेवढीच वर्षे देवाने अखेरीस परत दिली.

मग तो दुखणाईत पडला. हे कळताच योसेफ आपल्या मनश्शे व एफ्राईम या दोन पुत्रांस घेऊन आला. हॉलंडचा चित्रकार रेम्ब्रांट याने 1656 साली या प्रसंगाचे जे प्रसिद्ध चित्र काढले व जे जर्मनीतील कासेल येथे आहे, त्यात ही दोन गोजिरवाणी बालके आहेत. वस्तुतः त्यांचा जन्म दुष्काळापूर्वीचा. तेव्हा ते 20 वर्षांच्या आसपासचे तरुण असले पाहिजेत, आणि यामुळेच प्रसंगास धार येते. त्यांची आई आसनथ ही ओन नगराच्या याजकाची मुलगी. ओन म्हणजे सूर्योपासनेचे केंद्र. मुले वाढली ती राजवैभवात, मिसरी भाषेत, मिसरी शिक्षणात. थोरल्याचे नावच विस्मरण या अर्थाचे. बापाच्या घराचाही विसर पडला म्हणून योसेफाने ते ठेवले होते. अशा तरुणांस मिसरी सरदार होण्यास कोणती अडचण होती? कनान देशी ना घर ना शेत. तेथे होती ती अब्राहामाने विकत घेतलेली एक कबरस्थानाची गुहा. आजोबाजवळ देण्यासारखे एक अभिवचन होते, आणि तेही अद्याप पुरे न झालेले.

इस्राएल बळ एकवटून खाटेवर उठून बसला. बेथेल येथे देवाने जे सांगितले ते त्याने प्रथम सांगितले. मग, रऊबेन व शिमोन जसे माझे तसे हे दोघे माझे, असे ठरवून त्याने नातवांस पुत्रांच्या पंक्तीस बसविले. योसेफाच्या एका वाट्याचे यामुळे दोन वाटे झाले. ज्येष्ठत्वाचा तो दुप्पट वाटा, जो एकदा वरणाच्या वाडग्यावर विकला गेला होता, तो येथे प्रीतीने दिला गेला. बोलता बोलता म्हाताऱ्यास मध्येच राहेलीच्या मरणाची आठवण झाली. विषयाशी तिचा वरवर संबंध दिसत नाही, पण वृद्ध माणसांजवळ जो बसला आहे त्यास ते कळेल.

त्याचीही दृष्टी आता मंद झाली होती. त्याने मुलांस कवटाळले, त्यांचे मुके घेतले. तुझे मुख पुन्हा दिसेल असे वाटले नव्हते आणि देवाने तुझी लेकरेही दाखविली, अशा अर्थाचे तो योसेफास बोलला. योसेफाने रीतीप्रमाणे थोरल्यास आजोबाच्या उजव्या हाताशी व धाकट्यास डाव्या हाताशी येईल असे उभे केले. आजोबाने हातांची अढी घातली. उजवा हात धाकट्या एफ्राईमाच्या मस्तकावर व डावा मनश्शेच्या मस्तकावर ठेवून त्याने आशीर्वाद दिला. ज्या देवासमोर त्याचे आजा व बाप चालले, ज्याने त्यास जन्मभर मेंढपाळाप्रमाणे सांभाळले, ज्या दूताने त्यास सर्व अरिष्टांतून सोडविले, त्याच्या नावाने. हारानच्या वाटेवरचा तो जर आणि तर आता कोठेच नव्हता.

योसेफास हे आवडले नाही. म्हाताऱ्यास दिसत नाही असे समजून त्याने बापाचा हात उचलून बदलू पाहिला. याकोबाने ऐकले नाही. मला ठाऊक आहे, मुला, मला ठाऊक आहे, असे तो म्हणाला. इसहाक आंधळा होता व फसला. याकोबही आंधळा झाला होता, परंतु आपण काय करतो हे त्यास पुरते कळत होते. आणि थोरल्यास त्याने रिकाम्या हाताने परत धाडले नाही. तोही थोर होईल, असे सांगून एकाच आशीर्वादात त्याने दोघांस बसविले. तुझ्याजवळ एकच आशीर्वाद होता काय, हा एसावाचा आक्रोश त्याच्या कानांत इतकी वर्षे घुमत असेल काय? शास्त्र तसे सांगत नाही; मला मात्र तसे वाटते. मनश्शेने तक्रार केल्याचे कोठे लिहिलेले नाही. त्या घराण्यात दोन भावांत हेवा न वाढल्याचा हा पहिलाच प्रसंग.

काठीविषयी एक गोष्ट. इब्री लिपीत पूर्वी केवळ व्यंजने लिहीत असत, आणि खाट व काठी या दोन शब्दांची व्यंजने तीच आहेत. म्हणून उत्पत्तीच्या इब्री पाठात तो खाटेच्या उशाशी नमला असे वाचतात, तर ग्रीक भाषांतरात, व त्यावरून इब्री लोकांच्या पत्रात, काठीच्या टोकावर टेकला असे आहे. पंडितांनी हवे ते ठरवावे. ज्या काठीनिशी तो घरातून पळाला होता तिच्यावर तो शेवटी टेकला, हे चित्र मला सोडवत नाही.

यहूदी घरांत शब्बाथाच्या संध्याकाळी आईबाप मुलग्यांच्या मस्तकावर हात ठेवून आजही एफ्राईम व मनश्शे यांच्याच नावाने आशीर्वाद देतात, आणि मुलींस सारा, रिबका, राहेल व लेआ यांच्या. आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोकांच्या नावाचा अर्थच इस्राएलाचे, म्हणजे या याकोबाचे, पुत्र असा आहे. अलिबागच्या आसपास तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस शनवार तेली म्हणत. ग्रंथ हरवले, पूर्वजांची भाषा गेली, बोली मराठी झाली; तरी शब्बाथ, सुंता आणि देव एकच आहे असे सांगणारी शेमा प्रार्थना एवढे बापाकडून मुलाकडे शतकानुशतके येत राहिले. 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान बांधले. गोशेनातील त्या खाटेपासून मांडवीपर्यंत ही वाट आली आहे.

नातवांनंतर याकोबाने बाराही पुत्रांस जवळ बोलाविले आणि ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे प्रत्येकास सांगावयाचे ते सांगितले. सगळे गोड नव्हते. रऊबेनास त्याची चंचलता सुनावली, शिमोन व लेवी यांच्या क्रोधाचा धिक्कार करून ते इस्राएलात पांगतील असे बजाविले. पुढे लेवीचे वंशज खरोखरच गावोगाव पांगले, पण ते नियमशास्त्र शिकविणारे म्हणून! पूर्वीच्या दोन पिढ्यांत एक पुत्र आत व एक बाहेर असे झाले होते. इश्माएल गेला, एसाव गेला. याकोबाच्या बारांपैकी एकही बाहेर राहिला नाही.

नंतर त्याने पाय खाटेवर जवळ ओढून घेतले व प्राण सोडला. मिसरी वैद्यांनी 40 दिवस त्याच्या देहास मसाला भरला, मिसराने 70 दिवस शोक केला, आणि रथ व स्वार यांच्या लवाजम्यासह त्यास हेब्रोन येथील मकपेलाच्या गुहेत नेले. ही जागा त्याने स्वतःच सांगून ठेवली होती. तेथे अब्राहाम व सारा, इसहाक व रिबका होती, आणि तेथे लेआ होती. राहेल बेथलेहेमच्या वाटेवर एकटीच राहिली. जिला तो अंधारात मिळाला व जी जन्मभर नावडती राहिली, तिच्याशेजारी त्याने आपली शेवटची जागा मागितली.

पुढे एफ्राईमाच्या वंशात यहोशवा जन्मला, व मनश्शेच्या वंशात गिदोन. मिसरातच 1896 साली फ्लिंडर्स पेट्री यांस थीब्स येथे फारो मर्नेप्ताह याचा एक शिलालेख सापडला. ख्रिस्तापूर्वी सुमारे 1208 सालच्या त्या दगडावर, जिंकलेल्यांच्या यादीत, इस्राएल हे नाव कोरलेले आहे. बायबलाबाहेर त्या नावाचा इतका जुना निःसंशय उल्लेख दुसरा सापडलेला नाही.

योसेफ 110 वर्षे जगला. त्याने एफ्राईमाच्या मुलांची तिसरी पिढी पाहिली. मनश्शेचा पुत्र माखीर यास मुले झाली तेव्हा ती आणून योसेफाच्या मांडीवर ठेवली, असे उत्पत्तीच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे.